प्रवासी मोटारवाहतूक नियमन : शेवगाव परिसर

भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या मोटारगाड्या व त्या चालविणाऱ्या व्यक्ती यांवर शासनाने परवाना, अनुज्ञप्ती, कर, विमा व दंड यांच्या द्वारा ठेवलेले नियंत्रण म्हणजे प्रवासी मोटारवाहतूक नियमन होय. या नियंत्रणाची दोन अंगे आहेत. कोणत्या मार्गावर, कोणत्या मालकाने, किती गाड्या चालवाव्यात हे परवान्याने ठरते. गाडीच्या चक्राशी कोणी बसावे हे अनुज्ञप्तीने ठरते. बोलीभाषेत पहिल्यास ‘परमिट’ व दुसऱ्यास ‘लायसन’ म्हणतात आणि शासकीय परिभाषेपेक्षा हा भेद बोलीत अधिक नेमका उतरला आहे. कारण ‘परवाना’ हा शब्द लिखित मराठीत दोहोंसाठी सर्रास वापरला जातो. या नियमनाच्या इतिहासात परमिटाचा प्रश्न सतत राजकारणाच्या व न्यायालयाच्या दारात राहिला, तर लायसनाचा प्रश्न डोळे, कान व हातपाय यांच्या तपासणीपलीकडे फारसा गेला नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील शेवगाव तालुक्याच्या उदाहरणावरून ही विषमता स्पष्ट होते.

शेवगाव तालुक्यातून लोहमार्ग गेलेला नाही. दौंड-मनमाड हा १८७८ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग अहमदनगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव या पश्चिमेकडील पट्ट्यातून जातो. त्यामुळे मुंबई-पुण्यास जाणाऱ्या शेवगावकरास आधी सु. साठ-पासष्ट किमी. रस्त्याने अहमदनगर गाठावे लागे. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी असून तिच्या पलीकडे पैठण आहे. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे ब्रिटिश मुंबई इलाखा व निजामाचे हैदराबाद संस्थान यांमधील सरहद्द होती. तिच्यावर करोडगिरीचे नाके होते आणि दोन्ही तीरांवरील मोटारविषयक कायदे भिन्न होते. लोहमार्ग नसलेला व सरहद्दीवरचा हा तालुका ज्या नियमांखाली आला, ते नियम मात्र मुख्यतः लोहमार्गाच्या हिताचा विचार करून तयार झालेले होते.

प्रारंभीचे कायदे : मोटारीसंबंधीचे पहिले कायदे प्रांतिक होते. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झालेला पहिला कायदा १९१४ चा होय. त्याने गाडीची नोंदणी व चालकाची अनुज्ञप्ती सक्तीची केली, अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविण्यास मनाई केली आणि अपघात झाल्यास गाडी थांबविण्याचे बंधन घातले. बाकीचा तपशील प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविला होता. हा कायदा तयार होताना मोटार ही श्रीमंतांची व अधिकाऱ्यांची चैन होती. भाड्याने माणसे वाहणारा धंदा त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्यामुळे पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा जेव्हा वेगाने पसरला, तेव्हा किती गाड्या धावाव्यात, त्यांनी कोणत्या वेळी सुटावे व किती भाडे घ्यावे, यांसंबंधी परिणामकारक अधिकार शासनाच्या हाती नव्हते.

या काळातील ‘सर्व्हिस मोटार’ ही बहुधा एका मालकाची एकच गाडी असे. मालक स्वतः किंवा त्याचा आप्त गाडी चालवी आणि क्लीनर म्हणून लागलेला मुलगा पुसणे, पाणी भरणे, हँडल मारणे, टपावर बोजे चढविणे ही कामे करीत चार-सहा वर्षांत चालक होई. चालकाचे खरे शिक्षण या उमेदवारीत होई. कायद्याची परीक्षा हा त्याचा शेवटचा औपचारिक टप्पा असे. गाडी भरल्याशिवाय सुटत नसे. एकाच मार्गावर दोन मालक असले, की भाडे उतरे. एकच उरला, की चढे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद झाल्या, की गाडीही बंद होई. हे सारे खरे असले, तरी जेथे लोहमार्ग नव्हता तेथे बाजारगाव व जिल्ह्याचे ठिकाण यांना जोडण्याचे काम प्रथम या एकेका गाडीच्या मालकांनी केले. पुढील काळातील शासकीय अहवालांत त्यांच्या बेशिस्तीची जेवढी नोंद झाली, तेवढी या कामाची झाली नाही.

रेल्वे-मोटार स्पर्धा व १९३९ चा कायदा : जागतिक मंदीच्या काळात रेल्वेचे उत्पन्न घटले आणि त्याचा काही दोष मोटारींवर आला. मिचेल व कर्कनेस या अधिकाऱ्यांनी १९३२-३३ मध्ये रेल्वे व रस्ता यांच्या स्पर्धेची पाहणी केली. १९३३ मध्ये सिमला येथे यासाठी परिषद भरली व १९३६-३७ मध्ये वेजवुड समितीने रेल्वेच्या स्थितीची चौकशी केली. या विचारमंथनातून १९३९ चा मोटार वाहन कायदा निर्माण झाला. त्याने भाड्याच्या वाहनांचे ‘टप्पा वाहन’ व ‘कंत्राटी वाहन’ असे भेद केले. पहिले वाटेत प्रवासी चढवीत-उतरवीत व प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत जाते. दुसरे एका करारान्वये ठरावीक प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते. परवाना देण्यासाठी प्रांतिक व प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे स्थापण्यात आली. लोकांची सोय, त्या मार्गावरील आधीच्या सेवेचा पुरेपणा, रस्त्याची स्थिती इ. बाबींचा विचार करून तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचा परवाना दिला जाई आणि त्या मार्गावर आधीपासून गाड्या चालविणाऱ्यांना हरकत घेता येई. शासनाने प्राधिकरणांना निदेश देताना लक्षात घ्यावयाच्या बाबींत रस्ता व रेल्वे यांचा समन्वय आणि अनार्थिक स्पर्धेस आळा यांचा स्पष्ट उल्लेख होता.

लोहमार्गाला समांतर असलेल्या अहमदनगर-मनमाड रस्त्यावर या तत्त्वाला अर्थ होता. शेवगाव-अहमदनगर रस्त्यावर मात्र समन्वय साधावयास रेल्वेच नव्हती. तेथे या कायद्याचा व्यावहारिक परिणाम निराळा झाला : ज्याच्या हाती परवाना आला, त्याला त्या मार्गापुरते संरक्षण मिळाले व परवान्यालाच किंमत आली. परवाना हस्तांतरित करण्यावर कायद्याने निर्बंध घातले होते. अशा निर्बंधांची गरज भासली, यावरूनच ही किंमत काय असावी हे कळते.

यात्रांसाठी याच कायद्यात तात्पुरत्या परवान्यांची सोय होती. जत्रा, धार्मिक मेळे व हंगामी व्यवहार यांसाठी जास्तीत जास्त चार महिन्यांचा परवाना देता येई. शेवगावच्या आसपास मढी येथील कानिफनाथांची यात्रा व पैठणची नाथषष्ठी या दोन्ही फाल्गुनात येतात. या दिवसांची गर्दी कायम परवान्याच्या गाड्यांना पुरी पडण्याजोगी नसल्याने अशा तरतुदीचे महत्त्व या भागात मोठे होते.

गोदावरीपलीकडील व्यवस्था : हैदराबाद संस्थानात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविण्यात आला होता. तेथील लोहमार्ग १९३० मध्ये संस्थानाच्या मालकीचा झाला व १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपल्या रस्ता वाहतूक विभागामार्फत २७ गाड्यांनिशी स्वतःच प्रवासी मोटारसेवा सुरू केली. रेल्वे व मोटार एकाच धन्याच्या झाल्यामुळे त्यांच्यातील स्पर्धेचा प्रश्नच उरला नाही. भारतातील शासकीय मोटारवाहतुकीच्या सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी हा एक होय. ब्रिटिश मुलखात खासगी मालकांना परवान्यांत बांधण्याचा विचार चालू असताना नदीपलीकडच्या राज्यात शासन स्वतः गाडीवान झाले होते. या प्रयोगाचे श्रेय महाराष्ट्रातील लेखनात क्वचितच दिले जाते, एस.टी.चा इतिहास १९४८ पासून सांगण्याची प्रथा मराठवाड्यापुरती तरी अपुरी आहे.

चालकाची अनुज्ञप्ती : १९३९ च्या कायद्याने चालकाची तपासणी प्रथमच देशभर एकसारखी केली. खासगी गाडीसाठी वयाची अट अठरा वर्षांची, तर भाड्याच्या वाहनासाठी वीस वर्षांची होती. पगारी चालकास वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक होते. अपस्मार, वेड, भोवळ आणणारा हृदयविकार व बहिरेपणा हे दोष अपात्रता ठरविणारे होते. उमेदवारास लख्ख उजेडात पंचवीस यार्डांवरून काळ्या पाटीवरील पांढरी सात अक्षरे व अंक ओळखता आले पाहिजेत आणि तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद कळला पाहिजे, असा दंडक होता. अनुज्ञप्ती आरंभी बारा महिन्यांचीच असे. १९५६ च्या दुरुस्तीने ती मुदत तीन वर्षांची झाली. सार्वजनिक सेवेच्या वाहनासाठी वेगळा बिल्ला लागे. याच दुरुस्तीने वाहकालाही अनुज्ञप्तीच्या कक्षेत आणले.

पाटीवरील अक्षरे रोमन असत. शाळेचे तोंड न पाहिलेला क्लीनर ती कशी वाचणार, हा प्रश्न परीक्षकाने कसा सोडवावा हे कायद्यात नव्हते. साक्षरतेची अट दीर्घकाळ घातली गेली नाही. भाड्याचे वाहन चालविणाऱ्यास आठवी उत्तीर्ण असण्याची अट २००७ मध्ये आली व ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शिक्षणाच्या अटीमुळे अपघात घटतात असे गृहीत धरणे आणि ती अट गरिबांच्या रोजगाराआड येते म्हणून सोडून देणे, या दोन्ही भूमिका एकाच शासनव्यवस्थेने बारा वर्षांच्या अंतराने घेतल्या.

चालकाच्या श्रमासंबंधी १९३९ च्या कायद्यात एकच ठळक कलम होते. पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, दिवसाला नऊ व आठवड्याला चोपन्न तासांची कमाल मर्यादा असा त्याचा आशय होता. मोटारपरिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने ही मर्यादा आठ व अठ्ठेचाळीस तासांवर आणली. १९८८ चा कायदाही त्याच मर्यादेकडे बोट दाखवितो. मात्र एकाच गाडीच्या मालकाकडे, जेथे मालक, चालक व हिशेबनीस एकच, तेथे तास मोजणार कोण, या अडचणीवर कोणत्याही कायद्याने उपाय सांगितलेला नाही. परवाना रद्द होण्याची भीती मालकाला व अनुज्ञप्ती निलंबित होण्याची भीती चालकाला असते. थकव्याची नोंद दोन्ही कागदांवर होत नाही.

राष्ट्रीयीकरण : दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल नियंत्रित झाल्याने अनेक गाड्या बंद पडल्या, काहींच्या मागे कोळशाच्या वायूचे संयंत्र बसवून त्या चालविण्यात आल्या. युद्धानंतर खासगी मालकांच्या एकत्रित कंपन्या स्थापून त्यांत रेल्वेला भागीदार करावे, असा विचार पुढे आला होता. मुंबई सरकारने त्याऐवजी संपूर्ण राष्ट्रीयीकरणाचा मार्ग स्वीकारला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली शासकीय गाडी धावली. म्हणजे ज्या शहरातून शेवगावकराची रेल्वे सुटे, त्याच शहराच्या रस्त्यावर राज्यातील नव्या व्यवस्थेचा आरंभ झाला. १९४९ मध्ये मुंबई राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले व १९५० च्या केंद्रीय कायद्याने अशा महामंडळांना अधिक पक्का आधार दिला. राष्ट्रीयीकरण एका दिवसात झाले नाही. शासकीय सेवा ज्या मार्गावर पोहोचे, त्या मार्गावरील खासगी परवाने टप्प्याटप्प्याने बंद होत.

या धोरणाच्या वैधतेवर देशभर खटले झाले. सार्वजनिक रस्त्यावर भाड्याची मोटार चालविणे हा नागरिकाचा व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सगीर अहमद खटल्यात (१९५४) मान्य केले. तत्पूर्वी १९५१ मध्येच पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला मक्तेदारी निर्माण करण्याची मुभा मिळाली होती. १९५६ मध्ये १९३९ च्या कायद्यात राष्ट्रीयीकरणाच्या योजनांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले : योजनेची प्रसिद्धी, हरकतींची सुनावणी व नंतर मान्यता असा त्याचा क्रम होता. परवाना मुदतीआधी रद्द झाल्यास उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे दोनशे रुपये भरपाई ठरविण्यात आली. गाडीचा आकार, मार्गाचे उत्पन्न वा मालकाची वर्षे यांचा या आकड्याशी संबंध नव्हता. चालकासाठी या प्रकरणात भरपाईची तरतूद नव्हती. काही जुने चालक महामंडळाच्या सेवेत गेले, काही मालमोटारींकडे वळले.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेथील राज्य परिवहनसेवा काही काळ स्वतंत्रपणे चालून १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली. शेवगाव-पैठण हा एके काळी दोन राज्यांत विभागलेला प्रवास यामुळे एकाच व्यवस्थेखाली आला. १९७६ मध्ये पैठणजवळ जायकवाडी धरण पूर्ण होऊन गोदाकाठचा मोठा भाग पाण्याखाली गेला व या भागातील दळणवळणाची घडीच बदलली. १९७३-७४ च्या सुमारास राज्यभरातील टप्पा वाहतूक महामंडळासाठी राखून ठेवण्याची प्रक्रिया पूर्णत्वास गेली.

मक्तेदारीने शेवगावसारख्या भागाला काय दिले, याचे उत्तर ताळेबंदात मिळत नाही. तोट्यातील मार्गाचा भार फायद्यातील मार्गाने उचलावयाचा, हे तिचे मूलतत्त्व होते. गाडी भरो अथवा न भरो, ती वेळेवर सुटणे ही खेड्याच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. मुक्कामी गाडीमुळे रुग्ण, शाळकरी मुले व तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणारा शेतकरी यांना परतीची शाश्वती मिळाली. याच्या जोडीला महामंडळावर प्रवासीकराचा मोठा बोजा राहिला आणि सवलतींची भरपाई शासनाकडून वेळेवर मिळण्याचा प्रश्नही कायम राहिला.

१९८८ च्या कायद्यानंतर : या कायद्याने परवाना देण्यात उदारता आणली व मिथिलेश गर्ग खटल्यात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला. महाराष्ट्रात टप्पा वाहतूक महामंडळाकडे राहिल्याने खासगी उद्योजक कंत्राटी व पर्यटक परवान्यांकडे वळले. रात्री शहराकडे निघणाऱ्या आरामगाड्या कागदोपत्री कंत्राटी असतात. व्यवहारात अनेकदा प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेऊन त्या टप्पा वाहतूकच करतात. शासनाने एप्रिल २०१८ मध्ये या गाड्यांचे भाडे एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक नसावे असे ठरविले. म्हणजे जो व्यवसाय परवान्याच्या अर्थाने अस्तित्वातच नव्हता, त्याचा दर निश्चित झाला.

तालुक्याच्या अंतर्भागात काळी-पिवळी जीप आली. तिने सर्व्हिस मोटारीची जुनी रीत पुन्हा आणली : भरल्याशिवाय सुटावयाचे नाही, हात दाखवील तेथे थांबावयाचे व मागच्या फळकुटावरही माणूस घ्यावयाचा. स्थानकापासून दोनशे मीटरांच्या आत खासगी वाहनांनी प्रवासी घेऊ नयेत, या नियमाची अंमलबजावणी मोहिमेच्या दिवसांपुरती होते. महामंडळाच्या फेऱ्या जेथे विरळ आहेत, तेथे ही जीप स्पर्धक नसून एकमेव वाहन असते, ही बाब कारवाईच्या आकडेवारीत उमटत नाही. शेवगाव-पाथर्डी भागातील ऊसतोडणी कामगारांचा दरवर्षीचा प्रवास तर मालमोटार व ट्रॅक्टर यांवरूनच होत आला आहे. मालवाहू वाहनातून जाणाऱ्या सामान्य प्रवाशाच्या नुकसानभरपाईचे दायित्व विमाकंपनीवर येत नाही, असे आशा राणी खटल्यात (२००२) ठरले. उलट, अपघातग्रस्ताला चालकाच्या सदोष अनुज्ञप्तीचा फटका बसू नये, विमाकंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग स्वर्णसिंग खटल्याने (२००४) दाखविला. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्या चालकास ७,५०० किग्रॅ.पर्यंतचे भाड्याचे वाहन चालविता येते, हा निर्णय २०१७ मध्ये झाला व नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तो कायम केला. त्यामुळे लहान भाड्याच्या वाहनांपुरते चालकाच्या वेगळ्या नोंदीचे कायदेशीर महत्त्व बरेच कमी झाले.

२०२१-२२ चा संप : महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी वेतन व शासनात विलीनीकरण या मागण्यांसाठी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस आंदोलन सुरू केले. त्याच सुमारास शेवगाव आगारातील एका चालकाने आगारातच जीवन संपविले. राज्यात इतरत्रही कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या होत्या. शेवगावच्या घटनेनंतर आंदोलन अधिक चिघळले. वैद्यकीय तपासणी, परीक्षा व बिल्ला या सर्व कसोट्यांस उतरलेल्या शासकीय महामंडळाच्या चालकांच्या वेतनाचा प्रश्न त्यानंतर राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी शासनाने अधिसूचना काढून संपकाळापुरती खासगी प्रवासी गाड्या, शाळांच्या बसगाड्या, कंपन्यांच्या बसगाड्या आणि मालवाहू वाहने यांना प्रवासी वाहतुकीची परवानगी दिली. टप्पा वाहन कोणते, कंत्राटी कोणते व मालवाहू कोणते, हा १९३९ पासून जपलेला भेद या एका अधिसूचनेने स्थगित झाला. लोहमार्ग नसलेल्या तालुक्यांत दुसरा मार्गही नव्हता.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी सेवाकालानुसार अडीच ते पाच हजार रुपयांची मासिक वेतनवाढ जाहीर झाली. तरी संप चालू राहिला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने विलीनीकरणास प्रतिकूल अहवाल दिला. ७ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार २२ एप्रिलपर्यंत कर्मचारी कामावर परतले. यानंतर ज्येष्ठ नागरिक व महिला यांच्यासाठीच्या सवलती वाढल्या : ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत व महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. त्यामुळे ग्रामीण मार्गांवरील गर्दी वाढली.

खासगी गाडी दरम्यान महामंडळाच्या आतही शिरली होती. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘शिवशाही’ सेवेतील अनेक गाड्या भाडेतत्त्वावरील होत्या. अशा गाडीवर वाहक महामंडळाचा व चालक खासगी कंपनीचा असे. परमिट महामंडळाच्या नावे, गाडी कंपनीची आणि चक्राशी बसलेला चालक कंत्राटदाराच्या हजेरीपटावर अशी ही रचना असून तिच्यातील चालकाची अनुज्ञप्ती महामंडळाच्या कायम चालकासारखीच व त्याच कार्यालयातून मिळालेली असते; वेतन, रजा व निवृत्तिवेतन यांबाबत मात्र दोघांमध्ये साम्य नसते.